चाऱ्याचा जमाखर्च

पूर्वेचा वारा सुटला की मासा तोंड उघडत नाही, अशी इंग्लंडात गळ टाकणाऱ्यांची फार जुनी समजूत आहे, आणि ती यमकात बांधून पोरासोरांकडून पाठ करून घेतली जाते. हा ठपका वाऱ्याच्या दिशेवर ठेवणे मला तितकेसे पटत नाही. पाण्याखालच्या जिवाला पूर्व-पश्चिम कळते असे मानायला काही आधार नाही. परंतु मार्चच्या अखेरीस पूर्वेचा वारा येतो तो उत्तर समुद्रावरचा गारठा बरोबर घेऊन येतो, बहुधा त्याच्या सोबतीला रात्री निरभ्र होतात, पहाटे गवतावरचे दव गोठते, आणि आठवडाभराच्या उबेने कुठे तापू लागलेले तळ्याचे पाणी दोन रात्रींत पुन्हा पूर्वपदावर जाते. कार्पच्या देहाचे तापमान म्हणजे भोवतालच्या पाण्याचे तापमान. त्याला जठर नसते, नुसते लांब आतडे असते; पाणी निवले की त्या आतड्याचे काम मंदावते, आणि ज्याचे कालचेच जिरलेले नाही तो आज पंक्तीला बसणार कशाला? हा सारा कार्यकारणभाव त्या शनिवारी पहाटे, मोटारीच्या काचेवरचा बर्फ खरवडीत असताना, मला पुरता ठाऊक होता. तरीही निघालो, कारण स्पर्धेची फी भरून झाली होती, आणि भरलेल्या रकमेवर पाणी सोडणे हे लेस्टरच्या एका कचेरीत उभी हयात हिशेब तपासण्यात घालविलेल्या माणसाला जमण्यासारखे नव्हते.

ज्यांनी भीमेच्या काठी वेळूच्या काठीला तंगूस बांधून कणकेच्या गोळीवर मासा धरला आहे, त्यांना या स्पर्धांत वापरली जाणारी पोल म्हणजे काय हे सांगायला फार शब्द लागणार नाहीत. तत्त्व तेच आहे: काठी, काठीच्या टोकाला दोरा, दोऱ्याला बोया, शिसे आणि गळ; दोरा गुंडाळणारे रीळ नाही. फरक आहे तो लांबीचा आणि किमतीचा. ही काठी कार्बनच्या धाग्यांची, एकात एक बसणाऱ्या पोकळ नळ्यांची, सर्रास तेरा मीटर आणि ज्याच्या कमरेत बळ आहे त्याच्या हाती सोळा मीटर लांब असते, आणि चांगल्यापैकी काठी घ्यायची तर जुन्या मोटारीच्या किमतीएवढी रक्कम मोजावी लागते. दोरा मात्र काठीच्या टोकापासून पाण्याच्या तळापर्यंत पोचेल एवढाच. मासा लागला म्हणजे सबंध काठी पाठीमागे ठेवलेल्या रुळांवरून सरकवीत न्यायची, पुढची दोन नळकांडी हातात उरली की मागचा भाग सुटा करून गवतावर सोडायचा, आणि मग उरलेल्या तुकड्यावर मासा खेळवून जाळीत घ्यायचा. माशाच्या पहिल्या धावेचा हिसका सोसण्यासाठी टोकाच्या पोकळीतून रबराचा दोर ओवलेला असतो. मासा धावला की तो दोन-तीन मीटर बाहेर येतो आणि माशाला थकवीत थकवीत परत आत शिरतो. कार्बन विजेचा वाहक असल्यामुळे डोक्यावरून तारा गेल्या असतील तेथे पोल उभारण्यास सक्त मनाई असते, आणि आकाशात गडगडाट सुरू झाला की शहाणा माणूस पोल खाली ठेवून मुकाट्याने दूर जाऊन उभा राहतो. ही विद्या मूळची युरोप खंडातली; फ्रेंच आणि इटालियन मंडळी तीत पुढे होती, पण पुढे इंग्रजांनी ती अशी काही आत्मसात केली की बॉब नड यांनी चार वेळा आणि अ‍ॅलन स्कॉटहॉर्न यांनी पाच वेळा वैयक्तिक जागतिक विजेतेपद पटकावले.

माझे भिगवणचे नातलग अजूनही विचारतात की, धरलेला मासा जर संध्याकाळी परत पाण्यातच सोडायचा, तर हा खटाटोप कशासाठी? प्रश्न रास्त आहे. उजनीच्या काठी ज्याला सायप्रिनस म्हणतात आणि जो बाजारात वजनावर विकला जातो, तोच हा कार्प. 1939 साली तो सिंहलद्वीपातून निलगिरीत आणला गेला आणि पुढे धरणांतून पसरला. इंग्लंडातही तो मूळचा नव्हेच. 1496 साली छापलेल्या गळविषयक ग्रंथात तो या देशी फार थोडा आढळतो अशी नोंद आहे. आता तो कुठे नाही असे विचारावे लागते. 1980 नंतर शेतकऱ्यांनी पडीक जमिनी खणून तळी केली, त्यांत कार्प दाटीने सोडले, आणि दिवसाची फी घेऊन गळ टाकण्याची मुभा दिली. त्यापूर्वी स्पर्धा होत त्या नद्यांवर. नद्यांवर 15 मार्च ते 15 जून गळबंदी असते, तळ्यांवरची बंदी बहुतांशी 1995 साली उठली. सबब मार्चअखेरीस सारा स्पर्धक वर्ग तळ्यांवरच लोटतो. मासा लागो न लागो, सरकारी परवाना खिशात हवा, आणि गळाला आकडी नको, हे दोन दंडक मात्र अशा तळ्यांवर बहुतेक सगळीकडे सारखे.

नातलगांना मी जे उत्तर देतो ते त्यांचे समाधान करीत नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही पुरते करीत नाही. एवढेच म्हणतो की, हे मासे धरणे नव्हे, खर्च करणे आहे. त्याचा खुलासा पुढे येईल.

साडेआठला ड्रॉ असतो. उपाहारगृहात चहा आणि अंड्याचा पाव हातात घेऊन सगळे जण उभे असतात, संयोजक कापडी पिशवी घेऊन फिरतो, आणि जो तो तीत हात घालून आपल्या नशिबाचा क्रमांक बाहेर काढतो. तळ्याच्या काठी ठरावीक अंतराने बसण्याचे ओटे बांधलेले असतात, त्यांना पेग म्हणतात; ज्याचा क्रमांक निघेल त्याने तेथेच बसावयाचे, त्यात रदबदली नाही. थंडीच्या दिवसांत मासा वाऱ्याकडे पाठ करून निवाऱ्याला जातो. त्या तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला उंच बांध आणि त्याखाली वेताचे रान होते, आणि तेथील पेग ज्याला मिळाले तो बांधाआडून वारा डोक्यावरून जाऊ देणार, हे चहा पिणाऱ्या प्रत्येकाला कळत होते. माझ्या हाती 11 क्रमांक आला. अकरा म्हणजे पश्चिम काठ, समोर उघडे पाणी, आणि पूर्वेचा वारा सरळ तोंडावर. शेजारच्या माणसाने माझी चिठ्ठी वाचली आणि अत्यंत सभ्यपणे खिडकीबाहेर पाहिले.

बसण्याची तयारी हे अर्ध्याहून अधिक काम असते, आणि त्या अर्ध्या कामात वाऱ्याचा जाच अजून सुरू झालेला नसतो, म्हणून ते मला नेहमी प्रिय वाटते. पेटीच्या चारही पायांची उंची कमी-जास्त करून बैठक समतल करायची. रूळ नेमक्या अंतरावर लावायचे, नाहीतर पोल मागे सरकवताना तोल जाऊन टोक पाण्यावर आपटते. मग गळाला शिशाचा जड गोळा अडकवून तळाचा थांग घ्यायचा. हा थांग घेण्यात जो घाई करतो तो दिवसभर फुकट बसतो. मी हात-हात सरकत मोजले: काठाशी गुडघाभर पाणी, सहा मीटरवर एक उतार संपून साडेचार फूट, तेथून तेरा मीटरपर्यंत जवळजवळ सपाट पाच फूट. प्रत्येक जागेसाठी वेगळा दोरा, वेगळा बोया, आणि प्रत्येकाची खोली पोलच्या नळीवर पांढऱ्या शाईने नोंदलेली. गारठ्यात मासा जोर करीत नाही, म्हणून रबर मऊ घेतले, तंगूस केसाइतका बारीक, गळ अठरा नंबरचा. चाऱ्यासाठी दोन मिलिमीटरच्या पेलेटच्या बारीक कण्या ओलावून चाळून ठेवल्या, आणि गळावर लावण्याचे फुगीर पेलेट हातपंपात पाण्याबरोबर घालून आतली हवा ओढून घेतली. हवा निघाली की ते पाणी पितात, तळाला बसतात, आणि चिमटीत लोण्यासारखे मऊ लागतात. शेजारी एका डब्यात मॅगट, म्हणजे माशीच्या पांढऱ्या आणि लाल रंगवलेल्या अळ्या. जाळी तळ्याच्या मालकाचीच वापरावयाची असतात. एका तळ्याचा रोग दुसऱ्या तळ्याला जाऊ नये यासाठी हा बंदोबस्त.

माझ्या डाव्या हाताला, बारावर, एक वृद्ध गृहस्थ होते. लेस्टरशायरच्या कोळसाखाणीत तरुणपण गेलेले. तो धंदा केव्हाच बसला. त्यांचा आणि माझा परिचय काठावरचाच, पण जुना. त्यांच्या पिढीने स्पर्धा पाहिल्या त्या ट्रेंट नदीवरच्या, जेव्हा खाणीच्या आणि मोज्यांच्या कारखान्यांच्या क्लबांच्या बसगाड्या भरभरून माणसे काठावर उतरत. खाणीतून निघालेला कोळसा ट्रेंटकाठच्या वीजकेंद्रांत जळे, केंद्रे आपले तापलेले पाणी नदीत सोडीत, आणि त्यामुळे ऐन हिवाळ्यातही नदीतला मासा चारा घेई. म्हणजे हे गृहस्थ आठवडाभर जमिनीखाली राबून शनिवारचे पाणी स्वतःच तापवून ठेवीत, असा त्यांचा आवडता विनोद होता. त्या रांगेतले शेवटचे रॅटक्लिफचे केंद्र 2024 च्या सप्टेंबरअखेर बंद झाले, आणि ते केवळ ट्रेंटकाठचे नव्हे तर सबंध ब्रिटनमधले कोळशावरचे शेवटचे केंद्र होते. त्यांना त्याचे दुःख झाले की नाही, हे मला कधी नीट समजले नाही. लेस्टरच्या नामांकित गळकरी आयव्हन मार्क्सचे नाव निघाले म्हणजे मात्र ते टोपी किंचित मागे सारीत.

दहाला शिटी झाली.

आता चाऱ्याविषयी. तेरा मीटरवरच्या पोलच्या टोकाला अंगठ्याएवढी एक कुपी बसविलेली असते; तीत कण्या भरून पोल बाहेर न्यायची आणि नेमक्या बोयावर उलटी करायची. किती कण्या? उन्हाळ्यात या प्रश्नाला अर्थ नसतो. मूठमूठ टाकावे, मासा मागत राहतो. परंतु थंड पाण्यात टाकलेला प्रत्येक दाणा हा कायमचा खर्च आहे. तो परत काढता येत नाही, दुसऱ्या खात्यावर वळविता येत नाही, आणि तळावर तो पडून आहे तोपर्यंत तुमच्या गळावरचा एक दाणा हा अनेकांतला एक होऊन बसतो. जो मासा सबंध दुपारभरात चार घास घेणार, त्याचे चारही घास तुमच्या उदारपणातच उरकतात. म्हणून थंडीत हात आखडता घ्यावा, हे कोणीही सांगेल. पण अगदीच काही टाकले नाही तर जवळून जाणाऱ्याला थांबायला कारण उरत नाही. या दोहोंच्या मधली जी चिंचोळी जागा आहे, तिच्यावर सहा तास बसून राहणे म्हणजे ही स्पर्धा.

माझी नोकरी ज्या प्रकारची होती तीत मार्चअखेर म्हणजे नेमका उलटा प्रकार. 31 मार्चपूर्वी जी तरतूद खर्च झाली नाही ती बुडाली, आणि पुढच्या वर्षी मागण्याचा हक्कही लंगडा झाला, या भीतीने प्रत्येक खाते फेब्रुवारीपासून खुर्च्या, रंगकाम आणि कसलीशी यंत्रे खरीदू लागे. आणि त्या खरेदीवर आक्षेप काढून निरर्थक खुलासे मागविणे हे माझे काम असे. मराठी मुलखातल्या कचेऱ्यांत याहून वेगळे चालते असे माझ्या कानावर नाही. त्या खुलाशांच्या फायली वाचता वाचता मला असे वाटू लागले होते की, माणसाला खर्च करणे सोपे जाते आणि शिल्लक पाहणे अवघड जाते, कारण खर्च केल्याने आपण काही तरी केले असे वाटते. गळ टाकताना हाच मोह शंभरपटीने छळतो. बोया हलत नाही, हात मोकळे आहेत, चाऱ्याचा डबा मांडीशी आहे. काहीतरी केलेच पाहिजे असे वाटते, आणि करण्यासारखे जे सर्वांत सोपे ते म्हणजे आणखी थोडे टाकणे.

मी कुपीत सहा-सात कण्या घातल्या, तेरा मीटरवर उलट्या केल्या, आणि बसलो.

बसलो म्हणणेही खरे नव्हे. तोंडावर वारा असताना तेरा मीटर पोल धरून ठेवणे म्हणजे वाऱ्याने दुसऱ्या टोकाला धरलेली वस्तू आपल्याकडे राखणे. झुळूक आली की टोक हातभर डावीकडे जाते, टोकाबरोबर दोरा जातो, दोऱ्याबरोबर बोया, आणि तळाला स्थिर असायला हवा तो दाणा फरफटत चालतो. कार्पला फरफटणारे अन्न संशयास्पद वाटते. उपाय म्हणून बोयाच्या वर, दोऱ्यावर, एक मोहरीएवढे शिसे चिमटावे, म्हणजे दोरा पाण्याखाली बसतो. आणि पोलचे टोकच चार बोटे पाण्यात बुडवून धरावे, म्हणजे पाणीच त्याला आवरते. दोन्ही केले. त्याने बोया स्थिर झाला, आणि कंबर, खांदे आणि उजवी मांडी यांनी मिळून एक स्वतंत्र तक्रार दाखल केली. पहिला तास गेला. बोयाचे लाल टोक पाण्यावर गव्हाच्या दाण्याइतके उभे होते आणि ते तसेच उभे राहिले.

बारावरून प्रश्न आला, "काय डक, जाळे ओले झाले का?" त्या भागात परक्यालाही डक म्हणण्याची प्रेमळ रीत आहे.

"पाण्यात आहे तेवढेच ओले," मी म्हणालो. "तुमचे?"

"दोन. लहान आहेत, पण मोजायला मासेच."

मी त्यांच्याकडे नीट पाहिले. ते पाच-सहा मीटरहून पुढे गेलेच नव्हते. आखूड पोल, वाऱ्याला धरायला काही नाही, गळावर एकच अळी; आणि चारा म्हणावा तर दर पाच मिनिटांनी दोन अळ्या, बोटांनी मोजून, जणू कोणी त्यांच्याकडून पावती मागणार होते.

साडेअकराच्या सुमारास माझा बोया केसभर खाली गेला आणि मी उचलले. सव्वा पौंडाचा एफ-वन, म्हणजे कार्प आणि क्रूशियन यांचा संकर, थंडीतही जो थोडेफार खातो. अशा दिवशी तोच आधार. त्यानंतर पुन्हा शांतता, आणि मग एक विचित्र गोष्ट. बोया बुडाला नाही, आडवा सरकला. मी उचलले तेव्हा क्षणभर जड वजन लागले, रबर हातभर बाहेर आले, आणि सुटले. दोरा जवळ ओढला तर गळावर एक खवला होता. अंगठ्याच्या नखाएवढा, कडेला पारदर्शक, मुळाशी किंचित रक्ताळलेला. उन्हात धरला तर त्यातली वाढीची वर्तुळे एकामागून एक दिसत. हा खवला माशाच्या कुशीचा होता. अर्थ उघड होता की, मासा चारा घेत नव्हता, नुसता दोऱ्याला अंग घासून गेला होता; परंतु मासा तेथे होता, आणि तळावर नव्हता. तळावरचा मासा दोऱ्याला तोंडाशी भेटतो. जो कुशीने भेटतो तो अधांतरी, पाण्याच्या मधल्या थरात तरंगत असतो. वर ऊन पडले होते, आणि वरचे दोन-तीन फूट पाणी तळापेक्षा बरे झाले असावे.

थंडीत मध्यावर मासेमारी करणे शास्त्राला धरून नाही. शास्त्र सांगते, तळ सोडू नका. तथापि पुराव्याच्या विरुद्ध शास्त्र मानावे अशी माझी वृत्ती नाही. मी शिशाच्या गोळ्या एकत्र होत्या त्या सोडवून दोऱ्यावर समान अंतराने पसरल्या, म्हणजे अळी हळूहळू, पाण्याच्या प्रत्येक थरातून जात उतरेल. आणि कुपी पूर्ण बंद केली. चाऱ्याचा खर्च शून्य. हा निर्णय घेताना मला जो आनंद झाला तो तपासनिसाचा होता, मासे धरणाऱ्याचा नव्हता, हेही नमूद केले पाहिजे.

चौथ्या उतरणीला बोया स्थिरावण्यापूर्वीच नाहीसा झाला. हा अस्सल होता. रबर सरसरत तीन मीटर बाहेर गेले, पोल कमानीसारखी वाकली, आणि मी ती वाऱ्यात डोलत मागे सरकवू लागलो. पुढचे तुकडे सुटे केले, बाजूच्या छिद्रातून रबराची ढील ओढून घेतली, आणि मासा वर आला: सोनेरी, रुंद, पाच पौंडांचा तरी असेल. जाळी त्याच्या खाली नेली. त्याने एकदा मान हलवली, गळ निसटला, आणि तो पृष्ठभागावर एक क्षण तसाच आडवा राहून, जणू सवडीने, खाली गेला. गळ ओठाच्या कातडीत तेवढा धरला होता. जाळी रिकामी उचलताना होणारा चुबक आवाज बारावरही ऐकू गेला असणार, पण त्या गृहस्थांनी शिष्टसंमत मौन पाळले.

पुढे दीडपर्यंत त्या रीतीने आणखी एक एफ-वन मिळाला, आणि मग मधला थरही ओसाड झाला. समोरच्या काठावर, वेताच्या आडोशाला, एक माणूस सारखा पोल मागे नेत होता; त्याच्याकडे पाहू नये असे ठरवूनही नजर तिकडेच जाई. दोन वाजता उजवीकडच्या दहा नंबरच्या तरुणाने सामान आवरले आणि तो चालता झाला. त्याला दोष देता येत नाही. त्याने सकाळपासून भरपूर टाकले होते, आणि टाकलेले सारे, मासे येतील तेव्हा येतील म्हणून, तळावर पडून होते.

अडीचला वारा कमी झाला. पडला नाही, पण बोयाच्या दोऱ्यावरची सक्ती सुटली. ऊन दिवसभर उथळ काठावर पडत होते, आणि माझ्या पायाशी, पेटीच्या पायऱ्यांभोवती, पाणी हाताला सकाळपेक्षा निश्चित कमी बोचरे लागत होते. सहा मीटरवर, उताराच्या तळाशी, सकाळपासून मी एकही दाणा टाकलेला नव्हता. ती जागा मी शिलकेत ठेवली होती, एवढेच म्हणतो. ठेवताना तिच्याविषयी काही विशेष दूरदृष्टी होती असा दावा नाही. तेरा मीटरची पोल रुळांवर टाकून दिली आणि सहा मीटरची उचलली. खांद्यांनी जी कृतज्ञता व्यक्त केली ती शब्दांत सांगता येणार नाही. गळावर एक लाल अळी, आणि बारा नंबरच्या गृहस्थांच्या शिस्तीने बोटांनी मोजून तीन अळ्या चारा.

कार्प थंडीत आमिष घेतो ते पाहण्यासारखे असते. उन्हाळ्यात बोया आदळल्यासारखा जातो. येथे तो प्रथम किंचित उंच झाला, मग तिरका, मग जणू विचार बदलल्यासारखा जागेवर परतला, आणि नंतर सरळ, संथ, काही घाई नसल्यासारखा खाली गेला. हे सर्व मिळून दहा-बारा सेकंद. या दहा-बारा सेकंदांत हात न उचलणे हे माझ्या मते या खेळातले सर्वांत कठीण काम आहे. तेरा मीटरची पोल वाऱ्यात धरण्याहूनही कठीण. मी धरून राहिलो. पहिला साडेचार पौंडांच्या आसपास. मग पुन्हा तीन अळ्या, आणि वीस मिनिटे काहीच नाही, आणि चौथ्या अळीचा मोह मी मोठ्या कष्टाने टाळला. मग दुसरा. साडेतीनला तिसरा, आरशी जातीचा, पाठीच्या रेषेला खवल्यांची एकच ओळ आणि बाकी अंग उघडे चामड्याचे. चौथा शेवटच्या शिटीच्या काही मिनिटे आधी जाळीत आला. चारही सारख्याच अंगाचे. त्या दिवशीचा माझा सगळा जमाखर्च त्या दीड तासात उरकला.

वजन करायला मंडळी तराजू घेऊन पेगोपेग फिरतात. तिपाईला काटा टांगलेला, त्याखाली ओली झोळी. जाळ्यातले मासे झोळीत ओतायचे, काटा स्थिर होईपर्यंत सगळ्यांनी गप्प राहायचे, नोंद करणाराने आकडा मोठ्याने म्हणायचा, मासेधारकाने सही करायची, आणि झोळी लगेच पाण्यावर रिती करायची. वजन अजूनही पौंड-औंसांतच होते. सोळा औंसांचा पौंड. सोळा आण्यांच्या रुपयात शाळेचे गणित शिकलेल्या माणसाला ही पद्धत मुळीच जड जात नाही, आणि तरुण इंग्रज स्पर्धक दशमान हवे म्हणून कुरकुरतात तेव्हा मी त्यांची बाजू घेत नाही.

माझे वजन 20 पौंड 12 औंस. बाराचे 21 पौंड 4 औंस. दर विभागाला एक बक्षीस, आणि आमच्या विभागात पहिले तेच; माझ्यापेक्षा आठ औंसांनी, जुन्या हिशेबाने आठ आण्यांनी. वेताच्या आडोशाचा माणूस 58 पौंडांवर पहिला आला, आणि त्याने आपले भाषण पेगचे आभार मानण्यात संपविले, ते योग्यच केले. सुटलेल्या पाच पौंडी माशाचा विषय मी काढला नाही. तो सगळ्यांचाच कुठला ना कुठला सुटलेला असतो.

उपाहारगृहात बारा नंबरच्या गृहस्थांनी बक्षिसाचे पाकीट न मोजता आतल्या खिशात टाकले. मी त्यांना विचारले, दिवसभरात अळ्या किती गेल्या? त्यांनी पेटीतून डबा काढून माझ्यासमोर ठेवला आणि झाकण उघडले. अर्धा पाइंट आणला होता, आणि त्यातला पाव हिस्साही गेला नसावा. अळ्या मक्याच्या पिठात वळवळत होत्या.

"मी पुढच्या शनिवारी मुलीकडे आहे," ते म्हणाले. "तुम्ही घेऊन जा. गार जागी ठेवा, नाहीतर माश्या होतील."

गार जागा म्हणजे फ्रिज. सौभाग्यवतींनी या बाबतीत फार पूर्वीच एक कायमचा हुकूम काढलेला आहे आणि त्याविरुद्धची माझी सर्व अपिले वेळोवेळी फेटाळली गेली आहेत. तरीही डबा घेतला. घरी पोचल्यावर पुष्कळ चर्चेअंती तोड निघाली ती अशी, की डबा गॅरेजमधल्या जुन्या फ्रिजमध्ये, झाकणावर दोरी बांधून, आणि शुक्रवारपर्यंतच.